‘फकिरा’ लावा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीविषयी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून या वेळी इतकी पत्रे आली आहेत की, हा संपूर्ण अंक त्याच एका विषयाला द्यावा, असे मी ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे मूळ गाव वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या पंचक्रोशीतले. वडील माथाडी कामगार होते. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ साली मुंबईतून तुर्भ्याला आला, त्यानंतर आम्ही कोपरखैरण्यात राहायला आलो. येथील गावकरी मंडळी दर वर्षी १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती साजरी करतात. सकाळी प्रतिमापूजन, सायंकाळी मिरवणूक, त्यानंतर सत्कार आणि भोजन असा कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी व्यासपीठावरून एका मुलाने ‘अण्णाभाऊंची एक तरी कादंबरी कोणी कोणी वाचली आहे, त्यांनी हात वर करा’ असे विचारले, तेव्हा तीनशे माणसांतून दहा-बारा हात वर आले. आता तरुण म्हणतात की मिरवणूक बंद करून त्या पैशांत पुस्तके घ्यावीत, आणि ज्येष्ठांना हे ऐकूनच दुःख होते. आपण काय सुचवाल? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : मिरवणूक बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरुणांचा हेतू चांगला आहे, हे मान्य करूनही मी हे म्हणते. अण्णाभाऊंना त्यांच्या हयातीत प्रतिष्ठित साहित्यवर्तुळाने जेवढे मानायला हवे होते तेवढे मानले नाही. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली, तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. तरीही हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच लिहीत राहिला आणि १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, हलाखीत गेला. त्यानंतर त्यांचे नाव जिवंत ठेवले ते आपल्या वडिलांसारख्या माणसांनी, वर्गणी काढून, पावसात ताडपत्री बांधून, खांद्यावर प्रतिमा घेऊन. विद्यापीठे त्यांच्यावर बोलू लागली ती फार नंतर. ज्या मिरवणुकीने हा लेखक आपल्यापर्यंत आणून पोहोचवला, तिला आता अनावश्यक ठरवणे हा ज्येष्ठांच्या कष्टांवर अन्याय होईल.

पण त्या मुलाने विचारलेला प्रश्न विसरून जाण्यासारखा नाही. अण्णाभाऊ शाहीर होते, कार्यकर्ते होते, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी सभा गाजवल्या. हे सारे खरे असले तरी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिणारा हा मनुष्य मुळात कादंबरीकार होता, आणि कादंबरीकाराला भेटण्याची जागा त्याच्या पुस्तकात असते. यंदा मिरवणुकीच्या आधी पंधरा दिवस आपण ‘फकिरा’ मोठ्याने वाचायला घ्यावी, अशी माझी सूचना आहे. १८ जुलै हा स्मृतिदिन आणि १ ऑगस्ट ही जयंती, हे दोन्ही दिवस धरून बरोबर पंधरा दिवस होतात. चातुर्मासात पोथी लावण्याची रीत आपल्या सर्वांच्या घरची आहे. रोज ठरावीक वेळी माणसे जमतात, एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि समाप्तीच्या दिवशी सगळे मिळून जेवतात. ‘पांडवप्रताप’ लावतात, ‘हरिविजय’ लावतात, तशीच ‘फकिरा’ लावावी. रोज पाऊण तास वाचल्यास ती पंधरा दिवसांत सहज पूर्ण होते. समाप्ती १ ऑगस्टच्या सकाळी करावी आणि त्याच दिवशी सायंकाळी नेहमीसारखी मिरवणूक निघावी.

हे मी कल्पनेने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी घणसोलीच्या एका बैठ्या चाळीत अशा वाचनाला मी गेले होते. आठवीतला एक मुलगा वाचत होता आणि शेजारी त्याचे आजोबा बसले होते. आजोबांनी पस्तीस वर्षे बाजारात पोती वाहिली होती, आणि पोती ओढायचा लोखंडी हूक धरून धरून त्यांच्या उजव्या हाताची बोटे आतल्या बाजूला वळली होती. कादंबरीच्या सुरुवातीचा जोगणीचा, म्हणजे जत्रेचा मान देणाऱ्या पवित्र वस्तूचा, प्रसंग चालू होता. ज्या गावाकडे जोगणी, त्या गावाची जत्रा, असा तेथला रिवाज. वाटेगावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून फकिराचा बाप रानोजी शिगावची जोगणी आणायला जातो. जोगणी घेऊन निघालेला माणूस आपल्या गावच्या शिवेत पोहोचला की त्याच्यावर हत्यार उचलायचे नाही, असा नियम असतो. मुलगा वाचत वाचत ‘शीव’ या शब्दाशी आला आणि थांबला. त्याने विचारले, “आजोबा, शीव म्हणजे आपलं ते स्टेशन?” त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. लोकलने दादरला जाताना लागते ते शीव आणि तुर्भ्यावरून जातो तो शीव-पनवेल महामार्ग, एवढीच शीव त्याला ठाऊक होती.

आजोबांनी पुस्तक मिटायला लावले आणि वाकड्या बोटाने फरशीवर एक रेघ ओढली. गावाची हद्द संपते ती शीव. लग्नाचे वऱ्हाड आले की शिवेवर थांबते, पाहुण्याला निरोप द्यायला शिवेपर्यंत जायचे असते, आणि शिवेच्या आत आलेल्या माणसाची जबाबदारी सगळ्या गावावर असते, असे त्यांनी सांगितले. मुंबई बेटाची हद्द जेथे संपत असे त्या ठिकाणालाही म्हणूनच शीव म्हणतात, हे मी तेवढ्यात पुढे जोडले. त्यानंतर मुलाने पुन्हा वाचायला घेतले, आणि रानोजी स्वतःच्या गावच्या हद्दीत आल्यावरही शिगावचा खोत नियम मोडून त्याचा शिरच्छेद करतो, ते वाक्य आले, तेव्हा त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला नेमके काय मोडले गेले ते कळले होते. ‘शीव’ हा एक शब्द समजला नसता तर तो प्रसंग केवळ एका मारामारीचा ठरला असता.

म्हणून वाचन तरुणांनी करावे आणि अर्थ ज्येष्ठांनी सांगावा, अशी विभागणी करा. आपल्या मंडळातील वाद यातून बराचसा मिटेल, असे मला वाटते, कारण दोन्ही पिढ्यांना एकमेकांची गरज लागेल. आपल्या मुलांना अक्षर येते, परंतु जोगणी, गावकी, चावडी हे शब्द त्यांच्या कानावरून गेलेले नाहीत. ज्येष्ठांनी हे सारे पाहिले आहे, परंतु बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. आणखी एक लक्षात घ्यावे. अण्णाभाऊंनी शाहिरी आधी केली आणि कादंबरी नंतर लिहिली, त्यामुळे त्यांची वाक्ये आखूड आणि ठोकेदार आहेत, ती कानाला भिडतात. मनात वाचताना जो उतारा साधा वाटतो तोच मोठ्याने वाचला की अंगावर काटा येतो.

वाचनाच्या दिवशी सत्कार ठेवू नयेत, हे मात्र मी आग्रहाने सांगते. सत्कार १ ऑगस्टला करा, अर्ध्या तासात आटोपा आणि पंधरा दिवस वाचणाऱ्या मुलांचा सत्कार सर्वांत आधी करा. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी आधी काढावी आणि रात्री १० नंतर तो बंद ठेवावा.

प्रश्न : आमच्या मंडळात जयंतीचा सगळा स्वयंपाक आम्ही बायका करतो आणि सकाळी प्रतिमेला ओवाळतो, त्यापलीकडे कार्यक्रमात आमचे काही नसते. आम्हाला काही करायचे असेल तर काय करता येईल? मंडळातील पुरुष म्हणतात की अण्णाभाऊंचे साहित्य लढाईचे, मर्दानी आहे. (काही भगिनी, नेरूळ)

उत्तर : आपल्या मंडळातील पुरुषांनी अण्णाभाऊंची पुस्तके पुन्हा चाळावीत, अशी माझी त्यांना विनंती आहे. त्यांच्या कादंबऱ्यांची नावेच पाहा : ‘चित्रा’, ‘वैजयंता’, ‘आवडी’, ‘चंदन’. पुस्तकावर बाईचे नाव आहे आणि आत तिचीच गोष्ट आहे. ‘वैजयंता’ तमाशात नाचणाऱ्या मुलीची कथा सांगते, आणि त्या काळी तमाशातील बाईकडे समाज ज्या नजरेने पाहत असे ती नजर बाजूला ठेवून सांगते. तिच्यावर १९६१ साली चित्रपटही आला. ‘चिखलातील कमळ’मध्ये देवाला वाहिलेल्या मुरळीचे जिणे आहे. आपल्यावर लादलेले जिणे नाकारून स्वतःच्या इज्जतीसाठी उभी राहणारी स्त्री त्यांच्या लेखनात इतक्या वेळा येते की तो त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता, असे मी निःशंकपणे म्हणते.

‘फकिरा’तही राधा आहे. रानोजी मारला गेल्यावर फकिरा आणि साधू ही मुले जिच्या पदरात राहतात, ती ही आई. कोपरखैरण्याच्या वाचकांना सुचवल्याप्रमाणे आपल्याकडेही ‘फकिरा’ लावली गेली, तर राधेचे सर्व प्रसंग आपण मागून घ्यावेत आणि आपल्यापैकीच कोणीतरी ते वाचावेत.

दुसरी सूचना गाण्याची आहे. ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड प्रत्येक जयंतीला वाजते आणि बहुधा ध्वनिमुद्रितच वाजते. मुंबईत पोटासाठी आलेला कामगार गावी ठेवलेल्या बायकोची आठवण काढतो, अशी तिची सुरुवात आहे, आणि पुढे हीच ताटातूट बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या भागांच्या ताटातुटीशी जाऊन मिळते. आपल्यापैकी ज्या पासष्ट-सत्तरीच्या आहेत त्यांच्यातील कितीतरी जणी नवरा मुंबईला गेल्यावर वर्षानुवर्षे गावाकडे राहिल्या, सासू-सासऱ्यांचे केले, रोजगाराने शेतात गेल्या, आणि येथे घर झाल्यावर मग आल्या. गाण्यातली मैना म्हणजे आपणच आहात. ही छक्कड यंदा आपण म्हणावी आणि म्हणण्याआधी एकीने उभे राहून गावाकडच्या त्या वर्षांविषयी पाच मिनिटे बोलावे. तेव्हा मनिऑर्डर किती दिवसांनी येत असे आणि पत्र कोणाकडून वाचून घ्यावे लागे, हे आपल्या नातींना ठाऊक नसेल. स्वयंपाकाचे म्हणाल तर त्या दिवशी भाकऱ्या पुरुषांनी थापाव्यात असा हट्ट मी धरणार नाही, पण आचारी लावण्याइतकी वर्गणी नक्कीच जमते, आणि ती मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : मी ऐरोली येथे शाळेत शिक्षिका आहे. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकत्र असते. मुले दोन्हींवर पाठ केलेली भाषणे करतात आणि अण्णाभाऊंविषयीच्या भाषणात ‘ते दीड दिवस शाळेत गेले’ हे वाक्य प्रत्येकाकडे असते. यात बदल कसा करावा?

उत्तर : टिळकांचे निधन आणि अण्णाभाऊंचा जन्म हे दोन्ही १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशीचे आहेत, एक मुंबईतले आणि दुसरे वाटेगावातले. मुलांना हे योगायोग म्हणून आवडेल, आणि तेवढे सांगून दोन्ही कार्यक्रम वेगळे करावेत. एकाच तासात दोघांनाही न्याय मिळत नाही.

दीड दिवसाच्या शाळेविषयी मला थोडे परखड बोलू द्या. ते वाक्य कौतुकाने म्हटले जाते, परंतु मुलांच्या मनात त्यातून ‘हा जन्मजात चमत्कार होता’ एवढेच उरते. त्यांना अण्णाभाऊंची शाळा का सुटली, वाटेगावातल्या वर्गात मांगाच्या मुलाला कसे वागवले गेले, त्यानंतर बापाबरोबर पायी चालत मुंबई गाठलेल्या आणि मिळेल ते काम करणाऱ्या त्या मुलाने अक्षरे कोणत्या कष्टाने मिळवली, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अपुरे राहते. सहावी-सातवीच्या मुलांना भाषणाऐवजी ‘फकिरा’तील गबऱ्या घोड्याचा प्रसंग वाचायला द्यावा. घोडा असला की त्या वयाची मुले कान देतात. नववी-दहावीच्या मुलांना ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकातील एखादा भाग द्यावा. अण्णाभाऊ १९६१ साली रशियाला जाऊन आले, त्याचे ते वर्णन आहे, आणि सामान्य माणसांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्यात ठळकपणे दिसते.

प्रश्न : माझी आई तुर्भ्याच्या डोंगरावर दगडखाणीत खडी फोडत असे. पावसाळ्यात खाण बंद असली की आमच्या घरी काय अवस्था होई ते मी पाहिले आहे. ‘स्मशानातील सोनं’ ही अण्णाभाऊंची कथा मी नुकतीच प्रथमच वाचली आणि दोन रात्री झोपलो नाही. आमच्या वस्तीतील जयंतीत ती वाचावी असे वाटते, परंतु मंडळातील लोक म्हणतात की आनंदाच्या दिवशी प्रेतांची कथा कशाला. (एक वाचक, तुर्भे)

उत्तर : आपले पत्र मी तीन वेळा वाचले. ही कथा न वाचलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोट भरायला मुंबईत येतो आणि उपनगरातील डोंगरालगतच्या झोपडवस्तीत राहून दगडखाणीत काम करतो. नाबदा ही त्याची लाडकी लेक. खाण अचानक बंद पडते. हताश होऊन बसला असताना प्रेताच्या राखेत त्याला सोन्याचा कण सापडतो, तेव्हापासून तो राख चाळू लागतो आणि पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. एका रात्री प्रेतावर तुटून पडलेल्या कोल्ह्यांशी त्याला झुंजावे लागते, आणि त्यानंतर प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. ती बोटे त्याला गमवावी लागतात, आणि त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. ज्या बोटांनी डोंगर फोडायचा तीच गेलेली असतात.

आपल्याला झोप का आली नाही ते मला कळते. या कथेत भीमाविषयी एकही तिरस्काराचा शब्द नाही. तो जे करतो ते भयंकर आहे, हे लेखक लपवत नाही, पण वाचणाऱ्याचा राग भीमावर जात नाही. खाण बंद झाली त्या क्षणापाशी तो राग पुन्हा पुन्हा परत येतो. पारसिकच्या डोंगररांगेत तुर्भे, पावणे, शिरवणे या बाजूला खडी फोडून ज्यांनी हे शहर बांधायला दगड पुरवला, त्यांच्या वस्तीत ही कथा वाचली जावी, याहून योग्य जागा मला सुचत नाही.

मंडळाचे म्हणणेही मी उडवून लावणार नाही. मिरवणुकीच्या सायंकाळी, वाजंत्री चालू असताना, लहान मुले मांडीवर असताना ही कथा वाचू नये. तिला शांतता लागते. स्मृतिदिनी, १८ जुलैच्या रात्री, जेवणे आटोपल्यावर मोठ्या माणसांनी एकत्र बसावे आणि एकानेच ती आरंभापासून शेवटपर्यंत वाचावी. वाचणाऱ्याने मध्ये भाष्य करू नये आणि शेवटी कोणालाही भाषणाला उभे करू नये. आपली आई हयात असेल आणि तिची इच्छा असेल, तर वाचन संपल्यावर खाणीतल्या दिवसांविषयी बोलण्याचा पहिला मान तिला द्यावा. ती काही बोलली नाही तरी चालेल.

प्रश्न : आम्ही ‘फकिरा’तील दोन प्रकरणे स्वतः छापून जयंतीला मोफत वाटणार आहोत. पैसे घेणार नसल्याने त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही ना? (एक मित्रमंडळ, ठाणे)

उत्तर : मोफत वाटले तरी परवानगी लागते. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे लेखनहक्क शिल्लक राहतात. अण्णाभाऊंचे निधन १९६९ साली झाले असल्याने हे हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहेत, आणि तोपर्यंत हक्कधारकांच्या लेखी संमतीशिवाय प्रकरणे छापू नयेत किंवा त्यांची छायाचित्रे काढून मोबाइलवर फिरवू नयेत. ज्या लेखकाच्या लेखणीची कमाई त्याच्या हयातीत फारशी त्याच्या घरी पोहोचली नाही, त्याच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यावी. प्रकाशित पुस्तकातील माफक उतारे जाहीरपणे वाचून दाखवायला मात्र कायद्याची आडकाठी नाही, आणि हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणालाही सवलत आहे.

छपाईला जो खर्च येणार होता त्यात ‘फकिरा’च्या प्रती विकत घ्याव्यात. शंभर माणसांना दोन-दोन प्रकरणे देण्यापेक्षा वीस घरांत वीस संपूर्ण पुस्तके देणे मला अधिक योग्य वाटते. पहिल्या पानावर ‘वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावे’ असे लिहून त्याखाली वाचणाऱ्यांच्या सह्यांसाठी जागा ठेवावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अण्णाभाऊंचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले आहे, तो ग्रंथही मंडळाच्या संग्रही असावा. आपण ठाण्याचे आहात, तेव्हा १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या हाताशी आहे. आपल्यापैकी दोघे-तिघे तेथे सभासद झाले तर ज्या कादंबऱ्या दुकानात मिळत नाहीत त्यांची चौकशी तेथे करता येईल. जुलैचा पहिला आठवडा संपला की १ ऑगस्टला जेमतेम तीन आठवडे उरतात, तेव्हा पुस्तकांची मागणी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच नोंदवावी.